घोरणाऱ्या मुलाचे टॉन्सिल्स काढावेत की वाट पाहावी?

ऋजुता, पुणे
‘टॉन्सिल्स काढले की प्रतिकारशक्ती जाते’ या एका वाक्यापायी आम्ही मुलाची शस्त्रक्रिया वर्षभर लांबवली, आणि ती आमची चूक होती असे मला वाटते. सहा वर्षांचा तो, मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून झोपायचा. घोरणे मध्येच थांबे, छाती वरखाली होत राही, पण श्वासाचा आवाज येत नसे, आणि मी अंधारात आकडे मोजत बसे. दहा, अकरा, बारा. मग मोठा उसासा आणि घामाने चिंब झालेले अंग. झोपेच्या चाचणीत श्वासाला मध्यम स्वरूपाचा अडथळा निघाला. टॉन्सिल्स आणि अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) काढल्यावर दोन महिन्यांत घोरणे थांबले, अंथरूण ओले होणेही थांबले. श्वास अडतो हे चाचणीत दिसले, तर थांबू नये, असे माझे ठाम मत आहे.

समीर, नाशिक
ऋजुताताई, आपला अनुभव मी नाकारत नाही; पण एका मुलावरून नियम ठरवता येणार नाही. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चॅट’ या अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोप सात महिन्यांनी चाचणीत सामान्य आढळली, तशीच ती नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या ४६ टक्के मुलांचीही आढळली. ज्या मुख्य प्रश्नासाठी अभ्यास झाला, त्या एकाग्रतेच्या कसोटीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. माझ्या भाचीला शस्त्रक्रियेनंतर सातव्या दिवशी खपली सुटून रक्तस्राव झाला, आणि पहाटे पुन्हा भूल द्यावी लागली. ते रक्ताने भरलेले भांडे मी धरले होते.

ऋजुता, पुणे
भाचीबद्दल वाचून वाईट वाटले. पण त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे वागणे आणि दैनंदिन जगणे अधिक सुधारले होते, आणि फार तीव्र त्रासाची मुले त्यात घेतलीच नव्हती. शिवाय तिथे वाट पाहणे म्हणजे ठरलेल्या मुदतीने पुन्हा चाचणी करणे होते. आपल्या घरांत वाट पाहणे म्हणजे बहुतेक वेळा काहीच न करणे असते.

वैशाली, भूलतज्ज्ञ
शस्त्रक्रिया करावी की नाही यावर आपण बोलत आहात. मला पहिल्या रात्रीविषयी बोलायचे आहे. तीन वर्षांखालील, लठ्ठ, डाउन सिंड्रोम असलेल्या किंवा तीव्र अडथळा असलेल्या मुलांना त्याच दिवशी घरी पाठवू नये. रात्रभर रक्तातील ऑक्सिजन मोजत ठेवावे. बराच काळ ऑक्सिजन कमी पडलेली मुले अफूवर्गीय वेदनाशामकांना जास्त संवेदनशील असतात. काहींचे शरीर तर कोडीन या अशाच एका औषधाचे मॉर्फिन फार वेगाने बनवते, आणि त्यातून श्वास थांबून मुले दगावली आहेत. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर मुलांना कोडीन देण्याविरुद्ध सर्वांत कडक इशारा दिला, आणि २०१७ मध्ये बारा वर्षांखाली ते निषिद्ध ठरवले. घरात मोठ्यांसाठी आणलेले कोडीनयुक्त खोकल्याचे औषध मुलाला चुकूनही देऊ नका. वेदनेसाठी पॅरासिटामॉल वजनानुसार आणि ठरलेल्या वेळी द्यावे. लठ्ठ मुलांत शस्त्रक्रियेनंतरही अनेकदा अडथळा उरतो, म्हणून त्यांची चाचणी पुन्हा करावी, हेही पालकांना आधीच सांगायला हवे.

समीर, नाशिक
वैशालीताई, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. मुलाला सौम्य त्रास असेल तर नाकात मारण्याचा स्टिरॉइड फवारा आणि काही महिन्यांची खरी देखरेख आधी करून पाहावी, यावर मी अजूनही ठाम आहे. पण ऋजुताताईंच्या मुलासारखी चाचणी भाचीची कधी झालीच नव्हती. ती घोरते एवढ्यावरच शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती.