आईचा बेडसोर: आर्जिनिन, कोलॅजन की साधं प्रोटीन? सल्ला हवा

नौपाड्याचा_मुलगा:
आई ७१ वर्षांची, वजन ५० किलो. खुब्याच्या ऑपरेशननंतर दीड महिना अंथरुणावर आहे. माकडहाडापाशी नाण्याएवढा बेडसोर, म्हणजे पडून राहून दाबाने होणारी जखम, झालाय. ड्रेसिंगला सिस्टर येतात, डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलंय. मेडिकलवाला अमिनो अ‍ॅसिडची पाकिटं घ्या म्हणतोय, म्हणजे प्रोटीन ज्यांपासून बनतं ते घटक. आई शाकाहारी, अंडंही चालत नाही. डायबेटिस नाही. महिन्याला १५०० रुपयांच्या वर जमणार नाही. काय घेऊ?

घोडबंदर_रोड:
डोळे मिटून आर्जिनिन घ्या, तेही एक अमिनो अ‍ॅसिडच. सासऱ्यांच्या पायाच्या जखमेला तेच दिलं, तीन महिन्यांत भरली. महिना साडेचार हजार गेले, पण माणसापुढे पैसा काय!

वर्तकनगरची_माई:
कोलॅजन पावडर द्या. माझ्या गुडघ्यांना गुण आला. आणि आंबट पूर्ण बंद, जखमेत पू धरतो.

कोपरखैरणे_७:
माई, आंबट बंद का? आवळा, लिंबू, पेरू तर द्यायलाच हवेत. कोलॅजन म्हणजे कातडी बांधून ठेवणारं प्रोटीन, त्याचा गोफ घट्ट विणायला क जीवनसत्त्व लागतं. आणि कोलॅजन पावडर जनावराच्या कातड्यापासून नाहीतर माशापासून काढतात, शाकाहारी बाईला कशी देणार? त्यात ट्रिप्टोफॅन हे शरीराला लागणारं अमिनो अ‍ॅसिडही नसतं.

वर्तकनगरची_माई:
आमच्याकडे टाके असताना कुणालाच आंबट दिलं नाही. सगळे ठणठणीत आहेत.

वाशी_जिमवाला:
व्हे प्रोटीन, म्हणजे दुधाच्या निवळीतलं. मी रोज दोन स्कूप घेतो. तीन हजारांत चांगला डबा येतो.

वॉर्डातली_सिस्टर:
आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, त्यावरून किडनीचं काम कळतं. किडनी अशक्त असेल तर प्रोटीन स्वतःच्या मनाने वाढवायचं नाही.
बेडसोरला किलोमागे दिवसाला १.२५ ते १.५ ग्रॅम प्रोटीन धरतात. म्हणजे आईंना ६२ ते ७५ ग्रॅम. सोबत १५०० ते १७५० कॅलरी पोटात जायला हव्यात, नाहीतर शरीर तेच प्रोटीन जाळून टाकतं. हे मी रोज बघते. घरचे महागडं पाकीट देतात आणि पेशंट दिवसभरात अर्धी पोळी खातो.
आर्जिनिन खोटं नाही. त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनतं, रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यातूनच पुढे प्रोलिन हे अमिनो अ‍ॅसिड तयार होतं, ते कोलॅजनला लागतं. पण एकूण प्रोटीनच कमी पडत असेल तर नुसत्या आर्जिनिनवर जखम भरणार नाही. शेंगदाण्यातही ते भरपूर असतं.
आणि दर दोन तासांनी कूस बदला. दाब हटला नाही तर खाल्लेलं जखमेपर्यंत पोचतच नाही.

घोडबंदर_रोड:
म्हणजे सिस्टरही आर्जिनिनच सांगतायत.

नौपाड्याचा_मुलगा:
सगळ्यांचे आभार. क्रिएटिनिन नॉर्मल आलं. डॉक्टरांना विचारलं आणि यातलं एकही पाकीट न घेता जांभळी नाक्यावरून साधी बिनसायीची दूध पावडर आणली. १०० ग्रॅमला ३५ ग्रॅम प्रोटीन आहे. रोज ६० ग्रॅम दुधात घालून विरजण लावतोय. शिवाय पनीर घातलेलं मुगाचं धिरडं, शेंगदाण्याची चटणी आणि रोज एक आवळा. उरलेल्या पैशांत भाड्याची हवेची गादी बसते का बघतोय. दही दाट लागतं, आईने काल दुसरी वाटी मागून घेतली.

घोडबंदर_रोड:
तरी एक डबा आर्जिनिन आणून ठेवाच.

वॉर्डातली_सिस्टर:
दही उत्तम. गादी आली तरी कूस बदलणं सोडू नका, रात्रीसुद्धा.