दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को: लांबचा रस्ता, कमी वेळ

विमानाला किती वेळ लागेल हे काढायला अंतराला ताशी ९०० किमीने भागलं की झाला हिशोब असं म्हणतात, ढोबळ अंदाजाला ठीक आहे पण लांबच्या फ्लाइटला वारा सगळं गणित बदलतो. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचंच घ्या ना, एअर इंडियाची ही फ्लाइट आधी अटलांटिकवरून जायची, ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ती पॅसिफिकवरून नेली, अंतर साधारण १,४०० किमी वाढून १५,३०० च्या आसपास गेलं आणि तरी साडेचौदा तासांत पोचली, म्हणजे आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी! कारण पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, पाठीशी.

विमानात समोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड (जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग) बघा, जपानच्या आसपास तो ताशी हजार किमीच्या बराच वर जातो, हिवाळ्यात तर जास्तच. त्यामुळे तिकीट काढताना जायला लागतो तेवढाच वेळ यायला धरू नका, परतीचा वेगळा बघा.