‘फॉरेन अफेअर्स’: परराष्ट्र धोरण, परराष्ट्र व्यवहार की आणखी काही?

प्रश्न:
लायनल गेल्बर पारितोषिकावर एक छोटी नोंद लिहितो आहे. कॅनडातलं हे पारितोषिक ‘फॉरेन अफेअर्स’वरच्या इंग्रजी नॉनफिक्शन पुस्तकाला मिळतं. मी लिहिलंय, ‘परराष्ट्र धोरणावरील ललितेतर पुस्तकासाठीचे पारितोषिक’. संपादकांना ‘विदेशनीती’ हवंय. जाणकारांनी सांगावं.

उत्तर:
‘विदेशनीती’ नकोच. हिंदीत विदेश मंत्रालय, विदेश सचिव ठीक. आपल्याकडे परराष्ट्रमंत्री, परराष्ट्र सचिव हे शब्द रोजच्या वापरात असताना उसनवारी कशाला? हल्ली वाहिन्यांवर ‘विदेशमंत्री’ सर्रास ऐकू येतं, तेही खटकतं.

पण तुमच्या वाक्यात खरी अडचण ‘धोरण’ या शब्दाची आहे. धोरण सरकार ठरवतं. हे पारितोषिक मिळालेली पुस्तकं कशावर आहेत ते बघा. १९९० साली पहिलं पारितोषिक मिळालं ते जोनाथन स्पेन्स यांच्या चीनच्या सुमारे चार शतकांच्या इतिहासाला. २०१५ चं पुस्तक सोव्हिएत संघाच्या अखेरच्या महिन्यांवरचं, २०१८ चं युक्रेनमधल्या १९३२-३३ च्या दुष्काळावरचं आणि २०१९ चं २००८ च्या आर्थिक अरिष्टाने जगाचं काय केलं यावरचं. यांतलं एकही ‘परराष्ट्र धोरणावरचं’ म्हणून पुरतं सांगता येत नाही. दुष्काळात लाखो माणसं उपाशी मेली, त्या हकिकतीला धोरणाचं लेबल लावलं तर वाचकाला पुस्तकाची काहीच कल्पना येणार नाही. म्हणून ‘आंतरराष्ट्रीय घडामोडी’ किंवा ‘परराष्ट्र व्यवहार’ म्हणा. माझा कल पहिल्याकडे.

प्रश्न:
‘परराष्ट्र व्यवहार’ ऐकलं की मला मंत्रालयाची पाटी दिसते. हा शब्द जुना आहे का?

उत्तर:
कल्पना जुनी आहे. अष्टप्रधान मंडळातले सुमंत, म्हणजे डबीर, हेच काम पाहत, हे शाळेतल्या इतिहासात आपण सगळेच शिकलो. तेव्हा दुसऱ्याचं ते ‘परराज्य’. आज तो शब्द इथे चालणार नाही, कारण परराज्यातला मजूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बिहार किंवा उत्तर प्रदेश येतो. त्यामुळे परदेशाशी संबंध सांगायला ‘परराष्ट्र’च हवं.

थोडं विषयांतर करतो. इंग्रजीत या कामाला दोन शब्द आहेत, ‘फॉरेन’ आणि ‘एक्स्टर्नल’. कॅनडाने १९०९ मध्ये खातं काढलं त्याचं नाव ‘एक्स्टर्नल अफेअर्स’, कारण ब्रिटन आणि साम्राज्यातले इतर भाग त्यांच्या लेखी ‘फॉरेन’ नव्हतेच. आपल्या दिल्लीच्या मंत्रालयाच्या इंग्रजी नावातही ‘एक्स्टर्नल’ आहे; स्वातंत्र्यानंतर सुरुवातीला त्याला ‘कॉमनवेल्थ रिलेशन्स’ही जोडलेलं होतं. गेल्बर स्वतः टोरांटोचे. त्यांनी हे पारितोषिक १९८९ मध्ये सुरू केलं आणि त्याच वर्षी ते वारले. ब्रिटन-अमेरिका मैत्रीचा इतिहास लिहिणारा हा माणूस कॅनडाचे पंतप्रधान डीफनबेकर यांचा सल्लागारही होता. दोन्ही इंग्रजी शब्दांतला हा फरक मराठीत उतरत नाही, दोन्हीकडे ‘परराष्ट्र’च येतं, आणि तुमच्या नोंदीचं त्यावाचून काही अडत नाही.

प्रश्न:
आणि ‘ललितेतर’?

उत्तर:
तो शब्द काढा. इंग्रजीत फिक्शन आणि नॉनफिक्शन अशी फाळणी आहे, मराठीत ललित आणि वैचारिक अशी. या दोन रेषा एकमेकींवर बसत नाहीत. ललितलेख कल्पित नसतो, तरी तो ललितच. चरित्र-आत्मचरित्राचंही तसंच. ‘वैचारिक’ म्हटलं तर निबंधांचा संग्रह वाटतो; ‘कथनेतर’ तर उलटंच, कारण यांतली बरीच पुस्तकं कथन करूनच इतिहास सांगतात. ‘अकाल्पनिक’ अर्थाला बरोबर, पण जिभेला जड. मी पारिभाषिक शब्दाच्या नादीच लागलो नसतो.

पारितोषिक की पुरस्कार हा वाद घालू नका, दोन्ही चालतात. फक्त एका नोंदीत एकच ठेवा.

प्रश्न:
मग वाक्य असं करू? ‘आंतरराष्ट्रीय घडामोडींवरील, कथा-कादंबरी वगळता अन्य इंग्रजी पुस्तकांसाठीचे पारितोषिक’.

उत्तर:
कवितासंग्रह आणि नाटकंही त्यात आली. ‘इतिहास, राजकारण आणि अर्थकारण यांच्या आधारे जगातील घडामोडींचा वेध घेणाऱ्या इंग्रजी पुस्तकाला दरवर्षी दिले जाणारे पारितोषिक’ असं लिहा. लांब आहे, पण वाचणाऱ्याला पुन्हा विचारावं लागणार नाही. संपादकांना आखूडच हवं असेल तर ‘आंतरराष्ट्रीय घडामोडींवरील पुस्तकाचे पारितोषिक’ द्या आणि पुढच्याच ओळीत दोन विजेत्या पुस्तकांचे विषय सांगा.