शब्दचर्चा: मोटर प्रोटीनला ‘गाइड’ करणे, मराठीत काय म्हणाल?

मोटर प्रोटीनवर, म्हणजे पेशीत इंधन खर्चून हालचाल घडवणाऱ्या प्रथिनांवर, मराठीत लेख लिहितेय. काचेवर मायक्रोपॅटर्न (अगदी बारीक आकार) कोरून कायनेसिन या मोटर प्रोटीनची हालचाल गाइड करायची असा विषय आहे, आणि ‘गाइड’पाशीच अडलेय. ‘मार्गदर्शन’ तर माणूस माणसाला करतो, ‘नियंत्रण’ फार जड वाटतं. पॅटर्नला ‘नक्षी’ चालेल का?

प्रतिसाद:
गाइडच्या आधी हलतंय कोण ते नक्की करा, सगळा घोळ तिथे आहे. पेशीत मायक्रोट्यूब्यूल म्हणजे सूक्ष्मनलिका हा रस्ता, आणि कायनेसिन त्यावरून दोन ‘पाय’ टाकत चालतं, एका पावलाला ८ नॅनोमीटर, प्रत्येक पावलाला एटीपीचा (पेशीच्या इंधनाचा) एक रेणू खर्च. तिथे ‘चालणे’ अगदी बरोबर. पण तुमच्या प्रयोगात सगळं उलटं असतं ना, कायनेसिन शेपटीकडून काचेला चिकटलेलं, डोकी (म्हणजे तेच ‘पाय’) वर, आणि त्यावर सोडलेल्या नलिका ही डोकी पुढे पुढे ढकलत नेतात. मोटर जागची हलत नाही, नलिका हलते. म्हणून ‘कायनेसिनची हालचाल’ लिहू नका, ‘सूक्ष्मनलिका सरकते’ लिहा.

प्रतिसाद:
सरकणे एकदम पटलं. गाइडला मी ‘वळवणे’ म्हणेन, शेतात पाणी वळवतो तसं, पाण्याला कोणी ढकलत नाही, बांध कुठे घातलाय त्यावर ते कुठे जाणार हे ठरतं. २००१ मध्ये जपानमध्ये हिरात्सुका, उएदा वगैरेंनी हेच केलं होतं. काचेवर फोटोरेझिस्टचा (प्रकाश पाडून आकार देता येतो अशा पदार्थाचा) थर देऊन त्यात अरुंद चर काढले, आणि सरकणारी नलिका भिंतीला लागली की तिचं टोक वाकतं आणि ती भिंतीच्या कडेकडेने पुढे जाते. पण चर गोल असला तरी काही नलिका या बाजूने फिरणार, काही त्या बाजूने, म्हणून त्यांनी चरातच बाणाच्या टोकासारखे कप्पे ठेवले. उलटी येणारी नलिका कप्प्याच्या कोपऱ्यात शिरते, आतल्या आत वळून आल्या वाटेने परत निघते, आणि सरळ जाणारीला मात्र अडथळा होत नाही. थोड्या वेळाने बहुतेक सगळ्या एकाच दिशेने! मला हा प्रयोग फार आवडतो, नुसत्या आकाराने दिशा ठरते, बाहेरून कोणी काही करत नाही.

प्रतिसाद:
‘वळवणे’ चांगलं आहे, पण विजेचा प्रयोग वेगळा धरा. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने वाय आकाराच्या फाट्यावर विद्युतक्षेत्र लावून एकेक नलिका हव्या त्या फांदीत घातली होती. नलिकेवर ऋण प्रभार असतो, त्यामुळे तिचं पुढचं मोकळं टोक त्या क्षेत्राने ओढलं जातं. इथे भिंत नुसती उभी नाही, बाहेरून खरोखर जोर लागतोय आणि तोही पाहिजे तेव्हा बदलता येतो, म्हणून मी याला ‘दिशा देणे’ म्हणेन.

आणि पॅटर्नला ‘नक्षी’ नको, नक्षी शोभेसाठी असते. ‘चर’च ठेवा, वरून उघडा असतो हे त्या शब्दातच येतं. पन्हळही चाललं असतं, पण ते छपराचं. शिवाय चर मायक्रोमीटरच्या मापाचे आणि नलिकेची जाडी जेमतेम २५ नॅनोमीटर, तेव्हा दोन्हीकडे ‘सूक्ष्म’ लावलंत तर वाचणारा दोन्ही सारख्याच मापाचे समजेल. नलिकेलाच राहू द्या.

मूळ प्रश्न विचारणारी:
मग पहिलं वाक्य असं केलंय: ‘काचेवर कोरलेल्या चरांतून सूक्ष्मनलिका हव्या त्या बाजूला वळवता येतात, त्यांना सरकवणारं कायनेसिन मात्र जागेवरच असतं.’ आता केसिन कोटिंगला काय म्हणू? कायनेसिन सोडायच्या आधी काचेला दुधातल्या केसिनचं लावतात ते, म्हणजे कायनेसिनची डोकी काचेला चिकटून निकामी होत नाहीत.

प्रतिसाद:
‘केसिनचा हात देणे’. रंगाचा हात देतो तसाच.