चिरेखाणीवरच्या लोडरची सीट आपटते, नवी घ्यावी का?

प्रश्न (राजापूर): बॅकहो लोडर रिकामा परतताना सीट तळाला आपटते, संध्याकाळी ऑपरेटरची कंबर धरते. वर जाड फोम टाकला, फरक शून्य.

उत्तर: फोम आधी काढा. संथ, मोठे हादरे तो अडवत नाही. उंची वाढून पाय मात्र पेडलवर नीट टेकत नाहीत. ऑपरेटरला बसवून वजनाचा नॉब (सीटखालची स्प्रिंग वजनाप्रमाणे घट्ट-सैल करणारा) फिरवा, सीट वर-खाली हालचालीच्या मध्यावर आली पाहिजे. ७० किलोला लावलेल्या सीटवर ९५ किलोचा गडी बसला तर ती खालच्या स्टॉपवर आदळणारच. पाळी बदलून दुसरा ऑपरेटर बसला की नॉबही पुन्हा लावा.

उत्तर: दादा, सीटखालचं रबरी आवरण उचलून बघा. रोलरच्या खाचेत लाल माती आणि खाऱ्या हवेचा गंज बसतो. सीट दाबून सोडा: अडकत गेली तर रोलर किंवा बुश (सांध्यातली नळी) खराब, उसळतच राहिली तर डॅम्पर (उसळी शमवणारा भाग) गेला. आधी सुटे भाग विचारा, अख्खी सीट कशाला?

उत्तर: आणि वेग? तो कमी ठेवा, जोरात पळवलं की हादरे वाढतात. कामगाराच्या अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांबद्दल युरोपच्या २००२ च्या निर्देशात ८ तासांसाठी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाला (हादऱ्याचा जोर मोजायचं एकक) उपाय सुरू करायचे, १.१५ ही कमाल. हादरा दुप्पट झाला की वेळ पावपट; १ असेल तर ०.५ ची पातळी दोन तासांतच गाठली जाते. वाटेतले खड्डे चिऱ्याच्या चुऱ्याने भरून दाबून घ्या.