पंप लावला तरी दूध जेमतेम 15 मिली, काय चुकतंय?

खानापूरची_आई
नमस्कार सगळ्यांना. मुलगी आता 3 महिन्यांची झाली, अंगावरच पितीये आणि वजन पण चांगलं वाढलंय. खरं पुढच्या महिन्यात बेळगावला ऑफिस जॉईन करायचंय, बीपीमुळं डिलिव्हरीआधीच 8 आठवडे रजा घ्यावी लागली त्यामुळं बाळंतपणाच्या रजेच्या 26 आठवड्यांतले 18 च उरले. सकाळी 8 ची बस धरली की घरी यायला 7 वाजतात. म्हणून इलेक्ट्रिक पंप घेतला, परवा पहिल्यांदा लावला, फुल सक्शनवर अर्धा तास, आणि बाटलीत 15 मिली. निपल पण लाल झालं नि हुळहुळतंय. तेवढं तरी फ्रिजमधी ठेवलं तर सकाळी वर सायीसारखा थर आणि खाली पाणी, सासूबाई म्हणाल्या हे फुटलंय, पोरीला बाधेल, आणि मोरीत ओतून टाकलं. मी आत जाऊन खूप रडले. मला दूधच कमी आहे का? हॉस्पिटलमधी सिस्टरनी सगळं कन्नडमधी भराभर सांगितलं, माझं माहेर कोल्हापूरकडचं, 'एदे हालू' (आईचं दूध) सोडलं तर काय कळलं नाही.

अनगोळकर_मम्मी
अगं रडू नको, दूध कमी नाहीये तुझं. पोरगी पिऊन वजन वाढतंय ना, मग झालं की. पंपात किती आलं त्यावरनं अंगात किती आहे ते कळत नाही, बाळ ओढतं तसं मशीन ओढत नाही. आणि दिवसभर पाजून वरचं पंप करतीयेस तर सुरवातीला 15 ते 30 मिली येणं नॉर्मलच आहे.

लाल झालं म्हणजे बहुतेक फनेलचा, म्हणजे पंपाचा निपलवर बसतो त्या कपाचा, साईज चुकलाय. माझ्या बॉक्समधी 24 मिमीचा आलेला, मी पण तोच लावून दोन आठवडे दुखणं काढलं. मग आईच्या शिवणाच्या टेपनं निपलचा बुंधा मोजला तर 17 मिमी! फनेलच्या आत बसवून नळी बारीक करणारा 19 चा इन्सर्ट मागवला आणि दुखायचं थांबलं. निपल नळीत मोकळं पुढंमागं व्हायला पाहिजे, भोवतीची काळी कातडी आत ओढली जात असेल तर मोठा होतोय.

सक्शन फुल करू नको. जास्त ओढलं म्हणून जास्त दूध येत नाही, उलट दुखलं की पान्हाच अडतो. आधी भराभर हलकं ओढणारा मोड दोन मिनिटं, पान्हा फुटला की हळू नि खोल ओढणारा. पंधरा-वीस मिनिटं बास. त्याआधी कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल ठेव, हातानं गोल मसाज कर, आणि बाटलीकडं बघत बसू नको, मी पोरीचं झबलं नाकाशी धरून बसायची. पहाटेचं फीड झाल्यावर तासाभरानं करून बघ, तेव्हा दूध सगळ्यात जास्त असतं.

निपाणीची_वैनी
सासूबाईंचं पण चुकलं नाही गं, म्हशीचं दूध बघितलेल्या बाईला तो थर बघून फुटल्यासारखंच वाटणार. खरं आईचं दूध ठेवलं की स्निग्ध भाग वर येतोच, बाटली हळू गोल फिरवली की परत मिसळतं. त्यांच्यासमोर करून दाखव.

बाहेर 25 डिग्रीपर्यंत 4 तास, उन्हाळ्यात त्याहून कमीच धर. फ्रिजमधी 4 दिवस, खरं दारात नाही, आतल्या बाजूला. तारखेची पट्टी लाव. आमच्याकडं पावसात लाईट तासन्तास जाते म्हणून मी आईस पॅकची बॅग तयारच ठेवायची, पॅक कडक गोठलेले असले तर त्यात 24 तास टिकतं. गरम करताना गॅसवर नाही, मायक्रोवेव्ह तर नाहीच, गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली ठेवायची. उष्टं उरलेलं दोन तासांत संपवायचं नाहीतर टाकायचं, तेवढ्यासाठी 60-60 मिलीच भर. तू नसताना तासाला 30 ते 45 मिली धरून चाल.

सिस्टर_अक्का
मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. हातानं काढायला पण शिका, लाईट नसली तरी अडत नाही. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या थोडं मागं धरायचं, आत छातीकडं दाबायचं आणि मग चिमटायचं, कातडीवरनं घासायचं नाही. बाटली नको असेल तर बोंडल्यानं पाजा, आपल्याकडं सगळ्या आज्यांना येतं. पंपाचे दुधाला लागणारे पार्ट दरवेळी वेगळ्या टबात साबणानं धुवा, सिंकमधी टाकू नका, दिवसातनं एकदा 5 मिनिटं उकळा आणि हवेवर वाळवा.

गाठ आली, छाती लाल झाली आणि ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. पाजणं मात्र बंद करू नका.

खानापूरची_आई
सगळ्यांचे खूप आभार, चार दिवसांनी सांगतीये. माप 16 आलं! बॉक्समधला 28 चा होता. 17 चा इन्सर्ट लावून आज पहाटे साडेपाचला एका बाजूनं 45 मिली, आणि अजिबात दुखलं नाही. सासूबाईंना बाटली फिरवून दाखवली, त्यांनी बोटावर घेऊन चाखून बघितलं, "गोड आहे की गं" म्हणाल्या, आणि माळ्यावरनं ह्यांचं लहानपणीचं चांदीचं बोंडलं काढून स्वतः उकळून ठेवलंय. आता एकच, ऑफिसात पंप करायला वेळ कसा मागायचा?

अनगोळकर_मम्मी
मागायचा काय, कायद्यातच आहे. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय दोन ब्रेक मिळतात. जॉईन व्हायच्या आधीच लेखी देऊन ठेव, आणि कडी असलेली खोली माग, बाथरूममधी बसून काढू नको.