एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे काढताना पात्याचा मार्ग आणि क्रम कसा ठरवावा?

ओला_ठोकळा (प्रश्न):
नमस्कार. लेथवर (लाकूड फिरवत ठेवून कातण्याच्या यंत्रावर) साधे वाडगे कातण्याचा मला बऱ्यापैकी सराव आहे. परंतु वाडग्याच्या पोटातले सगळे लाकूड गाऊजने (पन्हाळीसारख्या पात्याच्या पटाशीने) काढून त्याचा कीस करण्याऐवजी त्याच ठोकळ्यातून लहान होत जाणारे आणखी वाडगे काढण्याची पद्धत आता शिकायची आहे. माझ्याकडे एका खुंटीभोवती फिरणाऱ्या वक्र पात्याचे साधन आहे, मोटर दीड अश्वशक्तीची आहे आणि ठोकळा ओल्या लाकडाचा, 350 मिलिमीटर व्यासाचा व 150 मिलिमीटर उंचीचा आहे. सरावाच्या ठोकळ्यांवर पाते सुरुवातीला नीट चालते, मात्र साधारण 60 मिलिमीटर आत गेल्यावर खाचेत आवळले जाते आणि लेथ मंदावतो. हे कशामुळे होत असावे? शिवाय अशा ठोकळ्यातून किती वाडग्यांची अपेक्षा धरावी आणि आधी आतला लहान वाडगा सोडवावा की बाहेरचा मोठा, याबद्दलही जाणकारांनी सांगावे.

जुनी_पटाशी:
किती वाडगे निघतील, हे व्यासापेक्षा उंचीवर ठरते, आणि नवशिक्यांचे आडाखे बहुधा इथेच चुकतात. ओले लाकूड वाळताना वेडेवाकडे होते, म्हणून वाळल्यावर पुन्हा कातता यावे यासाठी पहिल्या कातणीत भिंतीची जाडी व्यासाच्या सुमारे एक दशांश ठेवण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने तुमच्या बाहेरच्या वाडग्याची भिंत 35 मिलिमीटर होईल. पात्याची खाच 8 मिलिमीटर धरली, तर दुसऱ्या वाडग्याचा व्यास 264, तिसऱ्याचा 196 आणि चौथ्याचा 140 मिलिमीटर येतो. एवढेच पाहिले तर चार वाडगे सहज निघतील असे वाटते. आता हाच हिशेब उभा मांडा. चकमध्ये (लेथच्या जबड्यांच्या पकडीत) धरण्याच्या बैठकीसाठी, म्हणजे तळाच्या उंचवट्यासाठी, 12 मिलिमीटर सोडले की 138 उरतात. त्यातून पहिल्या वाडग्याचा तळ आणि खाच वजा केल्यावर दुसऱ्याला 95, त्याच रीतीने तिसऱ्याला 61 आणि चौथ्याला अवघे 33 मिलिमीटर मिळतात. प्रत्येकाला स्वतःची बैठकही लागणार असल्यामुळे चौथ्याची ताटली झाली तरी पुष्कळ. तेव्हा तीन वाडगे धरून चालावे.

दुसरी गोष्ट बाहेरच्या आकाराची. खुंटीवर फिरणारे पाते वर्तुळाचा कंसच कापणार, त्याला दुसरी वाट माहीत नाही. त्यामुळे बाहेरचा आकार त्या कंसाशी जुळवून घ्यावा लागतो, कंस आकाराशी जुळत नाही. उभ्या भिंतीचा आणि सपाट तळाचा वाडगा केलात, तर तळाच्या वळणावर लाकडाचा जाड पट्टा राहतो; तो बाकीच्या भिंतीपेक्षा सावकाश वाळतो आणि तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. उलट, नरसाळ्यासारखा निमुळता आकार दिलात, तर पाते मधल्या उंचीवर भिंत फोडून बाहेर येण्याचा धोका असतो. म्हणून पात्याच्या वक्रतेचा पुठ्ठ्याचा साचा कापावा, तो ठोकळ्याच्या बाहेरून लावून पाहावा आणि मगच बाहेरचा आकार पूर्ण करावा. खुंटीची जागासुद्धा ठोकळ्याचा अर्धा उभा छेद खऱ्या मापात कागदावर काढून, कंपासने कंस फिरवून ठरवणे उत्तम.

कीस_आणि_धार:
पाते आवळले जाण्याबद्दल लिहितो. ओल्या लाकडाचा कीस लांब आणि चिवट निघतो. उथळ खाचेतून तो आपोआप बाहेर पडतो, पण खोली वाढली की पाते आणि भिंत यांच्यामध्ये दडपला जातो. मोटर दमण्याच्या कितीतरी आधी आवाज बदलतो: कापण्याचा मोकळा खरखर आवाज बसका होतो आणि खाचेच्या तोंडातून येणारा कीस थांबतो. तो थांबला की पाते पुढे रेटू नका. लेथ चालू ठेवून पाते त्याच कंसावरून पूर्ण मागे घ्या, खाच मोकळी होऊ द्या आणि मग पुन्हा आत न्या. खुंटीच्या साधनाचा मोठा लाभ हाच की पाते परत नेमके त्याच वाटेने जाते. खोली वाढेल तशी ही मागे-पुढे वारंवार करावी लागते, त्याचा कंटाळा करून चालत नाही.

त्यानंतर टोकाची उंची तपासा. टूलरेस्टच्या (हत्यार टेकवण्याच्या आधाराच्या) बाहेर आलेले पाते भाराखाली किंचित खाली वाकते, म्हणून टोक लेथच्या अक्षापेक्षा एक ते दोन मिलिमीटर वर बसवतात. ते अक्षाच्या खाली गेले, तर मध्याजवळ पोहोचल्यावर लाकूड कापले न जाता घासले जाते. धारही प्रत्येक गाभ्याआधी, म्हणजे आतला सुटा होणारा भाग कापण्याआधी, पाहावी. हे टोक खरवडून कापणारे असल्यामुळे ते बोथट झाले की उष्णता वाढते.

मोटरचे म्हणाल, तर कापण्याच्या सुरुवातीला टोक अक्षापासून सर्वांत दूर असते, म्हणून मोटरवरचा ताण तेव्हा अधिक असतो, तर शेवटी मोटर हलकी होते आणि सारा ताण बाहेर आलेल्या लांब पात्यावर येतो. तुमचा लेथ सुरुवातीला न दबता खोलीवर दबतो, याचा अर्थ दोष बहुधा शक्तीचा नसून किसाचा किंवा टोकाच्या उंचीचा आहे. तरीही पट्टा सर्वांत हळू पुलीवर घ्यावा आणि प्रतिमिनिट 500 फेऱ्यांच्या आसपास काम करावे. पट्टा वरच्या पुलीवर ठेवून नुसत्या बटणाने वेग उतरवला, तर मोटरची शक्तीही त्याबरोबर उतरते.

मोकळा_हात:
वरील दोन्ही उत्तरे खुंटीच्या साधनांना लागू पडतात. कॅनडातील वनवे किंवा न्यूझीलंडमधील वुडकट यांची साधने त्या जातीची आहेत. वनवेच्या साधनात तर पात्याच्या खाली आधाराचा दांडाही पाठोपाठ आत सरकतो. न्यूझीलंडच्याच मॅकनॉटन पद्धतीत मात्र खुंटी नसते. वेगवेगळ्या वक्रतेची पाती दोन उभ्या खिळ्यांच्या फाटकातून हाताने चालवावी लागतात. त्यात वाडग्याच्या आकाराला अधिक मोकळीक मिळते, परंतु पात्याची वाट आणि पात्याची वक्रता तंतोतंत जुळत नसल्यामुळे खाच थोडी रुंद करत जावे लागते आणि दिशेचा अंदाज सरावानेच येतो. तुमच्याकडे खुंटीचे साधन आहे, तर आधी त्यावरच हात बसवावा, असे माझे मत आहे.

क्रमाबद्दल दोन मते आहेत. खुंटीच्या साधनावर बहुतेक जण सर्वांत लहान गाभा आधी काढतात, कारण उरलेला ठोकळा पहिल्याच बैठकीवर, त्याच पकडीत राहतो आणि पुढचे मोठे पाते लगेच लावता येते. मी स्वतः मोठ्या ठोकळ्यात बाहेरचा वाडगा आधी सोडवतो; टेलस्टॉक (लेथच्या समोरच्या टोकाचा, ठोकळा दाबून धरणारा आधार) भरीव लाकडावर टेकत असल्यामुळे सर्वांत जड कापणीला भक्कम आधार मिळतो. मोबदल्यात प्रत्येक गाभा पुन्हा नव्याने चढवावा लागतो. 350 मिलिमीटरच्या ठोकळ्याला लहान गाभा आधी काढणेच सोयीचे पडेल. आणि 250 मिलिमीटरपेक्षा लहान ठोकळ्यावर हा खटाटोप करूच नये; साधनाची मांडणी होईपर्यंत गाऊजने वाडगा पोखरून होतो.

ओला_ठोकळा:
सर्वांचे आभार. किसाकडे आणि टोकाच्या उंचीकडे लक्ष देतो. एक शंका राहते: सुटून आलेल्या गाभ्याचा तळ गोलाकार असतो आणि त्याला बैठक नसते, मग तो पुन्हा लेथवर धरायचा कसा?

जुनी_पटाशी:
त्याची तयारी गाभा सोडवण्यापूर्वीच करावी लागते. ठोकळ्याच्या तोंडावर टेलस्टॉकच्या टोकाची खूण आधीच उमटवून ठेवा. पाते अक्षापर्यंत नेऊ नका. मध्ये सुमारे 25 मिलिमीटर जाडीचा दांडा राहिला की लेथ बंद करा आणि खाचेत लाकडी पाचर हलकेच ठोकून गाभा मोडून घ्या. मोडलेल्या दांड्याचा मध्य म्हणजेच गाभ्याचा मूळ अक्ष. भरीव गाभा असेल, तर तोंडावरची खूण हेडस्टॉकच्या (लेथच्या फिरणाऱ्या बाजूच्या) टोकावर ठेवून दांड्यावर टेलस्टॉक दाबावा. आधीच पोखरलेला गाभा असेल, तर चकमध्ये धरलेल्या गोल डोक्याच्या लाकडावर तो पालथा घालून दांड्यावर टेलस्टॉकचा दाब द्यावा आणि तळाला बैठक कातून घ्यावी. बैठकीचा व्यास वाडग्याच्या व्यासाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास ठेवा, कारण वाळल्यावर तीही लंबगोल होणार आहे आणि पुन्हा गोल करण्याइतके लाकूड तिच्यात उरायला हवे.

कीस_आणि_धार:
एक सुचवतो. ओंडका मधोमध चिरून त्या चिरलेल्या बाजूला वाडग्याचे तोंड ठेवण्याची रीत असल्यामुळे तिन्ही वाडग्यांचे काठ एकाच पातळीत, खोडाच्या मध्याजवळ येतात. तिथे बारीकशी चीर राहिली, तर ती एका वाडग्यापुरती राहत नाही, ती तिन्ही काठांतून जाते. म्हणून तोंडाकडचा थर चीर पूर्ण नाहीशी होईपर्यंत काढून टाकावा, त्यात उंची 15 मिलिमीटरने घटली तरी चालेल. मग वरचा उंचीचा हिशेब मात्र पुन्हा मांडावा लागेल. कातून झाल्यावर लाकडाच्या रेषा जिथे आडव्या तुटतात त्या दोन्ही बाजूंना मेणाचा लेप लावा, वाडगे कागदी पिशवीत ठेवा आणि पिशवीवर वजन व तारीख लिहा. लहान वाडगा आधी वाळेल. वजन उतरायचे थांबले की तो वाडगा दुसऱ्या कातणीला तयार झाला.